दुधाळ पाणी

रंगावर क्लिअर, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, मारून रात्र उलटली होती. सकाळी पार्किंगमध्ये जाऊन बॉनेटवर टॉर्च आडवी धरली, तेव्हा रात्री जे आरशासारखं वाटलं होतं त्यातलं एकेक व्यंग दिसू लागलं. धुळीचे पंधरा-वीस कण. पंख पसरून अडकलेला एक डास. कडेला मेणबत्तीच्या अंगावर उतरावा तसा ओघळ. आणि सगळीकडे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा.

बहारीनच्या उन्हानं आमच्या बारा वर्षांच्या लाल गाडीच्या बॉनेटवरचा क्लिअर पापुद्रे धरून निघत होता. जुना रंग घासून, लांबी भरून, प्रायमर देऊन मी आणि मुलानं ते घरीच पुन्हा लाल केलं. जमिनीवर पाणी शिंपडलं, प्लास्टिकचे पडदे लावले, तोंडाला गाळणीचे मास्क बांधले. पण इथे वायव्येचा शमाल वारा सुटला की धूळ कुठून कशी येते, ते सांगता येत नाही.

कोल्हापूरला आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिथं इथल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यांचा दुसरा चहा झालेला. उद्यमनगरात त्यांची हयात गाड्या रंगवण्यात गेली. त्यांनी ओघळ बघितला आणि म्हणाले, "शुक्रवारपर्यंत हात लावू नकोस. ओघळ जाड असतो, आतून ओला राहतो. आज घासलास तर पेपरला चिकटून फाटेल."

शुक्रवारी सकाळी साबणाचं पाणी आणि पंधराशेचा वॉटर पेपर घेऊन बसलो. आधी ओघळाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून नव्या ब्लेडनं त्याचा उंचवटा खरवडला, मग पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळला. बोटांनी घासलं तर बोटांच्या खाली खड्डे पडतात. कडा आणि मधली उभार रेघ यांवरही पट्टी लावली, कारण तिथं क्लिअर सगळ्यात पातळ बसतो. सगळा थर तो केवढा? साधारण पन्नास मायक्रॉन, केसाच्या जाडीएवढासुद्धा नाही.

"पेपर बघू नकोस," आबा मोबाइलच्या पडद्यातून म्हणाले, "पाणी बघ."

पाणी दुधाळ उतरत होतं. ते दुधाळ आहे तोवर क्लिअरच घासला जातोय. त्यात गुलाबी झाक आली, की खालच्या लाल रंगापर्यंत पोचलो, आणि मग परत रंगवण्यावाचून सुटका नाही. मुलगा ओल्या फडक्यानं पुसायचा, मी वाकून बघायचो. घासलेला भाग मंद, धुक्यासारखा. त्यात चमकणारे ठिपके म्हणजे अजून सपाट न झालेल्या खळग्या. ते ठिपके एकेक करून मावळतात, आणि ते बघताना छातीत काहीतरी हलकं होत जातं. डास पहिल्याच चार हातांत गेला.

मला त्या वेळी इथलं मुहर्रक शहर आठवलं. तिथल्या मोत्यांच्या जुन्या वाटेला 2012 साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. इथले मोती होड्यांतून मुंबईच्या बाजाराकडे जायचे. ज्या मोत्याच्या अंगावर डाग असेल, त्याचा वरचा थर बारीक पात्यानं सोलणारे कारागीर तेव्हा होते. खालून निर्दोष थर निघाला तर किंमत वाढायची. नाही निघाला, तर आणखी सोलायचं. आणि सोलता सोलता मोती लहान होत जायचा. त्या माणसांची नजर, खाली काय निघणार हे माहीत नसताना पातं टेकवणारी, मला त्या सकाळी फार जवळची वाटली. आपण जे घासतो, ते परत येत नाही. व्यंगाबरोबर थोडं चांगलंही जातं.

पंधराशेनंतर दोन हजार, मग तीन हजार. दर वेळी बॉनेट धुऊन घ्यायचं, कारण मागच्या पेपरचा एक कण राहिला तरी चरा ओढतो. दुपारी कंपाउंड लावून यंत्राचा फोमचा पॅड फिरवला. धुकं फाटावं तसं आकाश त्या लाल पत्र्यात उतरलं. शेजारच्या इमारतीची गॅलरी, वाळत घातलेले कपडे, मुलाचा चेहरा.

"बाबा, हा बघा, एक राहिला." काचेजवळ, उभार रेघेच्या अगदी टोकाला, धुळीचा एक कण बसला होता. तिथल्या पट्टीखाली मी घासलंच नव्हतं. मुलानं पेपर भिजवला. मी फोनकडे पाहिलं. आबा बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिले.

"किती पातळ आहे तिथं?"

"खूप."

"मग राहू दे त्याला."

मुलानं पेपर बादलीत परत टाकला.