व्हर्सायचा जमाखर्च

पॅरिसला गेलेले भारतीय कुटुंब व्हर्सायचा राजवाडा पाहिल्यावाचून परतले, असे सहसा घडत नाही. प्रश्न असतो तो राजवाडा कसा पाहावा आणि कोणाबरोबर पाहावा याचा. सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीसह लेकीकडे पॅरिसला गेले, तेव्हा लेकीने जेवणाच्या टेबलावर तीन पर्याय मांडले. पहिला अर्ध्या दिवसाच्या बससहलीचा : सकाळी निघायचे, आरसेमहाल पाहायचा, उद्यानाच्या गच्चीवर छायाचित्रे काढायची आणि दुपारी परतायचे. दुसरा नुसत्या तिकिटाचा : कानाला ध्वनियंत्र लावून आपल्या चालीने फिरायचे. तिसरा राजवाड्याच्या स्वतःच्या मार्गदर्शकाबरोबर राजाची खासगी दालने पाहण्याचा. त्याला जादा शुल्क होते, वेळ आधी ठरवावी लागत होती आणि पुढे उद्यानासाठी उरलेला सारा दिवस द्यावा लागणार होता.

आईच्या गुडघ्यांचा विचार करून लेकीचा कल बसकडे होता. अप्पांनी मात्र निराळाच प्रश्न विचारला : “अर्ध्या दिवसात ते काय दाखवत नाहीत?”

व्यापाऱ्याच्या नजरेत बसलेला हा प्रश्न होता. माल दाखवणारा नेहमी वरचा थर दाखवतो. पोत्यात खालपर्यंत हात घालावा लागतो. त्या दिवसांत अप्पांच्या मनात दुसरेही काही घोळत होते. सांगलीत मुलाने दुकानाच्या जागी चार मजली इमारत बांधायचे ठरवले होते. दर्शनी बाजू सगळी काचेची, भांडवल बरेचसे कर्जाचे. नकाशे फोनवर आले होते आणि अप्पांचे उत्तर अजून जायचे होते.

लेकीने मार्गदर्शकांविषयी शोधाशोध केली तेव्हा एक मौजेची गोष्ट तिच्या हाती आली. व्हर्सायच्या उद्यानाचा पहिला मार्गदर्शक खुद्द चौदावा लुई हाच होता. उद्यान कसे दाखवावे, याची टिपणे त्याने 1689 पासून स्वतः तयार केली आणि पुढे 1705 पर्यंत ती पुनःपुन्हा सुधारली. वाड्यातून बाहेर पडून गच्चीवर यावे, पायऱ्यांच्या माथ्याशी थांबावे, कोणत्या कारंज्यापाशी वळावे, कोठून मागे वळून वाड्याकडे पाहावे, हे सारे त्यात क्रमाने सांगितले आहे. पाहुण्याने काय पाहावे हे राजाने ठरवले. म्हणजे काय पाहू नये हेही त्यानेच ठरवले. “मग आपण राजाच्या वाटेने जाऊ,” अप्पा म्हणाले, “पण हिशेब आपला ठेवू.”

अखेर तिसरा पर्याय ठरला. सोमवारी राजवाडा बंद असतो. मंगळवारी पॅरिसचे लूव्र संग्रहालय बंद असल्याने तिकडचे प्रवासी इकडे वळतात आणि गर्दी वाढते. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी कारंजी चालतात, परंतु त्या दिवशी उद्यानालाही तिकीट पडते. पाणी पाहायचेच, असे अप्पांचे म्हणणे पडल्याने शनिवार मुक्रर झाला.

मार्गदर्शक बाई राजाच्या आतल्या दालनांतून हलक्या आवाजात बोलत चालल्या होत्या. लुईच्या वडिलांनी 1623 मध्ये येथे शिकारीसाठी लहानसे घर बांधले. मुलाने त्याभोवती राजवाडा वाढवला आणि 6 मे 1682 रोजी सारा दरबार येथे हलवला. पंधराव्या लुईच्या घड्याळाच्या दालनात सारे थबकले. पासमाँ नावाच्या यंत्रज्ञाने संकल्पिलेले ते घड्याळ वेळेबरोबर तारीख आणि चंद्राची कला दाखवते. त्याच्या माथ्यावरच्या काचेच्या गोलात ग्रह फिरतात आणि तारीख सन 9999 पर्यंत चालेल अशी त्याची रचना आहे. ते बनवून घेणाऱ्या घराण्याचा या वाड्यातला मुक्काम मात्र 6 ऑक्टोबर 1789 रोजी संपला.

पुढे आरसेमहाल. त्र्याहत्तर मीटर लांबी, एका बाजूला उद्यानाकडे उघडणाऱ्या सतरा खिडक्या, समोर सतरा कमानी आणि त्यांत 357 आरसे. आईने वर छताकडे पाहिले, अप्पांनी आरशांकडे. त्या काळी मोठा आरसा ही व्हेनिसची मिरास होती आणि तिथले कारागीर आपली विद्या प्राणपणाने जपत. लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याने 1665 मध्ये आरशांचा राजकारखाना काढला, व्हेनिसचे कारागीर फोडून आणले आणि परदेशी जाणारा पैसा देशात थोपवला. आरसेमहाल म्हणजे त्या मालाची दर्शनी फळीच होती. परदेशी वकील राजाला भेटायला यायचे आणि फ्रान्सचा रेशीम, गालिचे, आरसे पाहून जायचे. हे ऐकून अप्पांची मान डोलली. जमेच्या बाजूला ही नोंद निःसंशय मोठी होती.

नावेची बाजू अप्पांनी स्वतः विचारून काढून घेतली. “येथे पूर्वी कोणते सामान होते?” या त्यांच्या साध्या प्रश्नाला लेकीने इंग्रजीत वाट करून दिली आणि मार्गदर्शक बाई खुलल्या. या दालनात चांदीची मेजे, चांदीचे दीपवृक्ष, चांदीच्या कुंड्या होत्या. 1689 मध्ये युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा राजाने ते सारे वितळवून नाणी पाडली. हाती आलेली रक्कम मूळ खर्चाच्या मानाने फारच थोडी होती. “घडणावळ गेली, वजन उरले,” अप्पा पुटपुटले. हे वाक्य लेकीला इंग्रजीत नेता आले नाही. आईला ते समजावून सांगावे लागले नाही.

शेजारच्या दालनांत भारताच्याही दोन खुणा आहेत, त्या बहुधा घाईच्या सहलीत राहून जातात. 10 ऑगस्ट 1788 रोजी टिपू सुलतानाच्या वकिलांना सोळाव्या लुईने हर्क्युलिसच्या दालनात भेट दिली. त्यांना इंग्रजांविरुद्ध सैन्याची मदत हवी होती. सत्कार थाटाचा झाला, मदत मिळाली नाही. यजमानाची तिजोरीच तेव्हा रिकामी होत चालली होती. आणि 28 जून 1919 रोजी आरसेमहालात पहिल्या महायुद्धानंतरचा तह झाला, तेव्हा भारताच्या वतीने सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराजा गंगासिंह होते.

दुपारी उद्यान. राजाने सांगितल्याप्रमाणे तिघे गच्चीच्या पायऱ्यांशी थांबली. आंद्रे ल नोत्र याने 1661 पासून आखलेली ती हिरवी भूमिती दृष्टी पोहोचेल तिथवर गेलेली आणि तिच्या टोकाशी पावणेदोन किलोमीटरचा कालवा उन्हात चमकत असलेला. संगीत सुरू झाले, कारंजी उसळली, आईच्या चेहऱ्यावर तुषार आले आणि गुडघ्यांची आठवण मागे पडली. पुढचा पल्ला उद्यानातल्या छोट्या गाडीने काटला.

हे पाणी आले कोठून, हा प्रश्न राजाच्या टिपणांत नाही. व्हर्साय उंचवट्यावर आणि जवळ मोठी नदी नाही. म्हणून सेन नदीवर मार्ली येथे 1684 मध्ये चौदा प्रचंड चाकांचे यंत्र बसवले गेले. दोनशेहून अधिक पंपांनी पाणी दीडशे मीटरहून जास्त उंचीवर चढवले जाई. तेवढ्यानेही भागेना. मग अर नदी वळवून आणण्यासाठी हजारो सैनिक खणायला लावले. त्यांत पुष्कळजण रोगराईने मेले. 1688 मध्ये युद्ध आले, काम थांबले, पाणी कधीच पोहोचले नाही. मैंतनों येथे त्या अपुऱ्या जलसेतूच्या कमानी आजही उभ्या आहेत. राजवाड्यात सगळी कारंजी एका वेळी चालवण्याइतके पाणी नसे. राजा फिरायला निघाला की पाणके शिट्टी वाजवून एकमेकांना इशारा देत. राजा येई तिथले कारंजे उसळे, त्याची पाठ वळली की बंद होई. राजाने आपले उद्यान नेहमी वाहतेच पाहिले.

अप्पा हे ऐकून बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले.

संध्याकाळचे जेवण सूर्यास्ताआधी व्हावे, हा आईचा नेम. जूनमध्ये पॅरिसचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे या देशात नेम पाळणे किती सोपे, असे म्हणत तिने राजवाड्याच्या दक्षिणेला, स्विस सैनिकांनी खोदलेल्या तळ्याकाठच्या हिरवळीवर डबा उघडला. पलीकडे राजाची भाजीची बाग होती. तिथे ला कँतिनी नावाच्या माळ्याने नऊ हेक्टर दलदल भरून अंजिरे आणि मटार पिकवले होते. ठेपल्याचा घास घेता घेता आई म्हणाली, सगळ्या वाड्यात तिला तो माळी आवडला. लावलेले अजून उगवते आहे.

सांगलीत तेव्हा मध्यरात्र उलटत आली होती, तरी मुलाने पहिल्याच घंटीला फोन उचलला. तो नकाशांविषयीच ऐकायला थांबला असावा. अप्पांच्या आवाजात राग नव्हता, नकारही नव्हता.

“इमारत देखणी दिसते आहे, बाळ,” ते म्हणाले. “बांधकामाचा आकडा पाहिला. आता दर महिन्याचा सांग. हप्ता, वीज, नोकरमाणसे, सगळे धरून. आणि बाजार मंदीत असेल त्या महिन्याचाही सांग.”

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग कागद उलगडल्याचा आवाज आला. “मांडतो अप्पा,” मुलगा म्हणाला. “तुम्ही परत आलात की दोघे मिळून पाहू.”