कठीण तळाची डिश

रसायनीतल्या मोहोपाड्याहून रोज पनवेलच्या पुढे प्रयोगशाळेत जाणाऱ्या त्या बाईंना आपल्या हाताचा फार अभिमान. त्यांच्या फ्लास्कमध्ये पेशींचा थर कधी विरळ दिसला नाही, कंटॅमिनेशन झाल्याचं कुणी ऐकलं नाही. नव्या मुलांना त्या मुद्दाम मायक्रोस्कोपपाशी बसवत आणि समोरच्याने ‘वा’ म्हणेपर्यंत फ्लास्क उचलत नसत. मग एका विद्यार्थिनीने फुप्फुसाचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतक घडवणाऱ्या पेशी, मऊ जेलवर वाढवले, आणि शेजारी ठेवलेला बाईंचा देखणा फ्लास्क आजारी ठरला.

त्या पेशींवर वण पडायला सुरुवात झाली होती. फुप्फुसात वण पडतो तेव्हा फायब्रोब्लास्टचा मायोफायब्रोब्लास्ट होतो, पेशीत अल्फा स्मूथ मसल ॲक्टिनचे ताठ तंतू उभे राहतात, बाहेर कोलॅजेन साचतं. बाईंच्या कंट्रोलमध्ये काहीच टाकलेलं नव्हतं, तरी तंतू हजर. दोष तळाचा. निरोगी फुप्फुसाची ताठरता काही किलोपास्कल, डिशच्या पॉलिस्टायरीनची काही गिगापास्कल. फरक लाखो पटींचा. असा तळ घट्ट धरून पेशी आकसते, त्या ओढीने भोवतालच्या जाळ्यात अडकलेलं टीजीएफ-बीटा हे संकेत-प्रथिन मोकळं होतं आणि उलट त्याच पेशीला वणाकडे लोटतं. बाई तपासतात ते कार्बन नॅनोट्यूबची भुकटी फुप्फुसात वण पाडते का; पण ती टाकण्याआधीच प्लास्टिकने अर्धं काम उरकलेलं असतं.

मग सगळं जेलवर हलवावं, तर तेही भागत नाही. कठीण तळावर वाढलेला फायब्रोब्लास्ट मऊ जागी आणला तरी जुना ताठरपणा कित्येक दिवस सोडत नाही. आणि विकत मिळणारी जवळजवळ प्रत्येक पेशी प्लास्टिकवरच वाढून आलेली. एमआरसी-५ ही फुप्फुसाच्या फायब्रोब्लास्टची लाइन १९६६ची. तिच्या पिढ्यांनी मऊ जमीन पाहिलेली नाही. जेल फार मऊ केलं तर पेशी गोल होऊन सुटतात, जरा कडक केलं की तंतू परत. बाई हल्ली यापलीकडे दुसरं बोलत नाहीत. रसायनी स्टेशनवर गाडीची वाट पाहतानाही वहीत किलोपास्कलचे आकडे.

इतरांच्या कामाबद्दल त्यांचं मत कडक आहे. ए५४९ पेशींवर नॅनोट्यूबचा रतीब घालायचा, एमटीटी ही जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी करायची, आलेख छापायचा! ए५४९ मुळात फुप्फुसाच्या कर्करोगातून काढलेल्या पेशी. शिवाय एमटीटीच्या फॉर्मेझान या रंगाला नॅनोट्यूब चिकटून बसतात, रंग कमी उतरतो आणि जिवंत पेशी मेलेल्या भासतात. माध्यमात गठ्ठे होतात ते निराळंच. ओतलेला डोस आणि पेशीला लागलेला डोस एक नसतो. बाईंचं म्हणणं, मेलेल्या पेशी मोजून काय कळणार? वण जिवंत पेशीच घडवते.

रसायनीत हा विषय पुस्तकी नाही. १९६०मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सभोवती ही वसाहत वाढली. २०१७मध्ये इथले बहुतेक प्लांट बंद करायचं ठरलं. रॉकेटला लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा तेवढा इस्रोकडे द्यायचा होता. पाताळगंगा एमआयडीसीत मात्र शिफ्ट चालूच आहेत. दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होतो हे कळायला कामगारांच्या पिढ्या खर्ची पडल्या. नव्या भुकटीच्या बाबतीत तसं होऊ नये, ही बाईंची तळमळ. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३मध्ये कार्बन नॅनोट्यूबसाठी घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. ‘मित्सुई-७’ या नॅनोट्यूबच्या एका प्रकाराला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने २०१४मध्ये माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं. त्यामागे मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग होते.

भारतात २०२३च्या नियमबदलानंतर नव्या औषधाच्या चाचणीत प्राण्यांऐवजी पेशींवरचे प्रयोगही ग्राह्य धरता येतात. म्हणजे डिशचा शब्द आता वजनाचा झाला. म्हणून बाईंचं सहकाऱ्यांना सांगणं आहे, निष्कर्ष छापताना पेशी कुठल्या तळावर वाढवल्या, तो किती किलोपास्कलचा होता आणि कंट्रोलमध्ये किती तंतू दिसले, हे आधी लिहा.