दगडांतून हाड सोडवितांना

एखाद्या मोठ्या कार्याचें श्रेय वांटण्याची जगाची रीत मोठी चमत्कारिक आहे. ज्याला वस्तु सांपडली त्याचें नांव होतें. ज्यानें तिच्यासाठीं पैसा मोजला त्याचेंहि नांव होतें. आणि ज्या दालनांत ती मांडली जाते त्या दालनाच्या दारावर कोणा दात्याचें नांव कोरलेलें असतें. परंतु सांपडणें आणि मांडणें या दोहोंच्यामध्यें जें दीर्घ व निनांवी काम असतें, त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. लग्नघरांत पंगत उठल्यावर जिलबीची स्तुति होते. चार दिवस आधींपासून माजघरांत बसून पायलीपायलीनें तांदूळ निवडणाऱ्या काकूंची आठवण कोणाला होत असेल असें मला वाटत नाहीं.

मुलीच्या बिऱ्हाडीं कांहीं महिने राहण्याच्या निमित्तानें शिकागो शहरीं माझें जाणें झालें, आणि तेथील फील्ड पदार्थसंग्रहालय दोनतीन वेळां पाहण्याचा योग आला. ‘स्यू’ या नांवानें जगभर ओळखला जाणारा टायरॅनोसॉरस रेक्स जातीच्या डायनोसोरचा सांगाडा हें त्या संग्रहालयाचें भूषण. लांबी बारा मीटरांहून अधिक, कमरेपाशीं उंची सुमारें चार मीटर. लहानथोर सगळे त्याच्यापुढें माना वर करून उभे असतात. मला मात्र अधिक वेळ खिळवून ठेविलें तें कांचेपलीकडच्या एका खोलीनें. त्या खोलींत, पाहणारांच्या डोळ्यांदेखत, दगडांतून हाडें सोडविण्याचें काम चालतें. सांगाडा दोन मिनिटांत पाहून होतो. तें काम पाहण्यास अर्धा तासहि पुरत नाहीं, कारण अर्ध्या तासांत तेथें कांहीं घडलेलेंच दिसत नाहीं!

स्यूची हकीकत थोडक्यांत सांगतों. १२ ऑगस्ट १९९० रोजीं, दक्षिण डाकोटा संस्थानांत जीवाश्म शोधणाऱ्या एका मंडळीच्या मोटारीचें चाक बिघडलें. बाकीचे लोक तें दुरुस्त करून घेण्यास गांवांत गेले. स्यू हेन्ड्रिक्सन नांवाच्या बाई मागें राहिल्या, आणि फिरतां फिरतां त्यांना एका कड्याखालीं हाडांचे तुकडे पडलेले दिसले. वर पाहतात तों कड्यांतच मोठमोठीं हाडें! हा प्राणी सुमारें ६ कोटि ७० लक्ष वर्षांपूर्वींचा. बाईंचेंच नांव त्याला मिळालें; मात्र तो नर होता कीं मादी हें आजहि कोणाला सांगतां येत नाहीं. पुढें हीं हाडें कोणाच्या मालकीचीं यावरून कांहीं वर्षें कोर्टकचेरी झाली, आणि १९९७ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथील लिलांवांत या संग्रहालयानें, कांहीं धनिक संस्थांच्या साहाय्यानें, तीं सुमारें ८३ लक्ष ६० हजार डॉलरांस घेतलीं. १७ मे २००० रोजीं सांगाडा लोकांपुढें उभा राहिला. वर्तमानपत्रांना ठाऊक असलेल्या तारखा एवढ्याच.

परंतु लिलांव आणि उद्घाटन यांच्यामध्यें जीं वर्षें गेलीं, त्यांत अडीचशेंच्यावर हाडांवरील दगड काढण्यास पंचवीस हजारांहून अधिक तास लागले. एकट्या माणसानें रोज आठ तास, एकहि सुटी न घेतां, हें काम केलें असतें तर त्याला साडेआठ वर्षें पुरलीं नसतीं. तें काम करणाऱ्या दहाबारा जणांचीं नांवें मला कोणी विचारलीं तर सांगतां यावयाचीं नाहींत, आणि सांगाड्यापुढें उभ्या असलेल्या हजारांतील एकालाहि तीं येत असतील असें वाटत नाहीं.

हें काम चालतें कसें? जीवाश्म डोंगरांतून काढतांना तो नुसता उचलून आणीत नाहींत. भोंवतालच्या दगडासकट त्याला गोणपाट व प्लॅस्टर यांचें जाड वेष्टण देतात. आपल्याकडे हात मोडला म्हणजे डॉक्टर घालतात तसेंच. प्रयोगशाळेंत आल्यावर तें वेष्टण एका बाजूनें कापतात, हाडाखालीं वाळूच्या पिशव्या देऊन त्याला नीट निजवितात, आणि मग खऱ्या कामास आरंभ होतो. दाबलेल्या हवेनें चालणारी, पेन्सिलीएवढी एक टांकी असते. तिचें पोलादी टोंक थरथरत दगडाचा कण कण उडवितें. त्याहून नाजूक जागीं बारीक भुकटीचा झोत मारतात. आणि ती भुकटी कसली म्हणाल, तर आपल्या स्वयंपाकघरांतला खाण्याचा सोडा! तो दगडाला झिजवितो, पण हाडाला सहसा इजा करीत नाहीं. त्याहूनहि नाजूक जागीं दंतवैद्याच्या सुया आणि मऊ कुंचले. डोळ्यांपुढें भिंग, नाकावर फडकें, आणि शेजारीं एक वही. निघालेल्या प्रत्येक तुकड्यास क्रमांक मिळतो, आणि तो कोठून निघाला, त्यावर काय लाविलें, हें त्या वहींत लिहिलें जातें.

कांचेपलीकडे एक प्रौढ बाई हें काम करीत होत्या. तळहाताएवढ्या एका तुकड्यावर त्या मान मोडून बसल्या होत्या. मी संग्रहालयाचीं दोन दालनें पाहून परत आलों, तरी तुकडा तोच, बाई त्याच, आणि माझ्या अडाणी नजरेला दगडहि तेवढाच! मला आमच्या काकूंचें सूप आठवलें. खडा कोणता आणि दाणा कोणता हें त्यांच्या बोटांना डोळ्यांआधीं कळत असे. आपल्या घरांतील बायकांच्या ज्या कामाला आपण काम असें नांवहि दिलें नाहीं, त्याच जातीच्या कामावर तें संग्रहालय उभें आहे.

या कामांत दोन मोह असतात. पहिला मोह खरडण्याचा. हाड गुळगुळीत व सुबक दिसावें असें हाताला वाटत असतें. आणि एखादी वेडीवांकडी गांठ दिसली म्हणजे ती दगडाचीच असेल असें समजून उडवावीशी वाटते. परंतु ती गांठ हाडाचीच असली तर? स्यूच्या कांहीं बरगड्या जिवंतपणीं मोडून पुन्हा सांधलेल्या आहेत, आणि एका पायाच्या हाडाला रोग होऊन तें सुजलेलें आहे. आपल्या तीसएक वर्षांच्या आयुष्यांत त्या प्राण्यानें काय काय सोसलें, हें या खडबडीत जागांवरून समजतें. कारागिराचा हात तेथें थांबला म्हणूनच तें आपणांस वाचतां येतें.

दुसरा मोह भरण्याचा. कोठें भेग असते, कोठें टोंक तुटलेलें असतें, कोठें अख्खें हाडच नसतें. लांबी-गिलावा भरून, रंग देऊन तें पुरें करणें कांहीं कठीण नाहीं. चांगल्या प्रयोगशाळेचा नियम असा कीं, भरावयाचें तें भरा, पण जवळून पाहणाऱ्याला खरें कोठें संपलें आणि भर कोठें सुरू झाली हें कळलें पाहिजे, व वहींत तशी नोंद असली पाहिजे. ठिसूळ हाड घट्ट करण्यासाठीं जें राळेसारखें द्रव्य लावितात, तेंहि असें निवडतात कीं, पुढें कोणाला वाटलें तर तें योग्य द्रावणानें पुन्हा विरघळवून काढतां यावें. आपल्यानंतर येणारा माणूस आपल्याहून अधिक जाणता असेल, ही खूणगांठ बांधूनच तेथें चिकटविण्याचें काम होतें.

आणि ही कांहीं नुसती तत्त्वाची गोष्ट नव्हे. स्यूचा सांगाडा उभा करतांना हाडांना भोंकें पाडलेलीं नाहींत; प्रत्येक हाड आपापल्या लोखंडी कोंदणांत असें बसविलें आहे कीं, अभ्यासासाठीं तें एकटें काढून घेतां यावें. खरी कवटी सुमारें २७२ किलो वजनाची. ती वर चढविणें शक्य नाहीं म्हणून मानेवर प्रतिकृति आहे आणि अस्सल कवटी निराळी ठेविली आहे, हें तेथें उघड सांगितलेलें असतें. पोटाखालच्या बारीक बरगड्यांची रचना २००० सालीं निश्चित ठाऊक नव्हती, म्हणून त्या सांगाड्यांत घातल्याच नाहींत. पुढें अभ्यास वाढला, आणि २०१८ सालीं नव्या दालनांत सांगाडा पुन्हा उभारतांना त्या आपल्या जागीं बसल्या. प्राण्याचें पोट पूर्वींपेक्षां चांगलें भरदार दिसूं लागलें. आधींच्या मंडळींनीं अंदाजानें जागा भरून टाकली नव्हती, म्हणून नंतरच्यांना कांहीं उकरावें लागलें नाहीं.

असाच एक प्राणी आपल्या महाराष्ट्रांतलाहि आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. पूर्वींच्या चांदा, आतांच्या गडचिरोली जिल्ह्यांत, सिरोंचा तालुक्यांतील पोचमपल्ली गांवाजवळ १९६० च्या सुमारास प्रचंड हाडें सांपडलीं. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तीं काढून नेलीं, आणि १९७५ सालीं त्या प्राण्याला ‘बारापासॉरस टागोराय’ असें नांव दिलें. ‘मोठा पाय’ या अर्थाचे बंगालींतले शब्द आणि १९६१ हें रवीन्द्रनाथांचें जन्मशताब्दीचें वर्ष, यांवरून तें नांव आलें. त्या संस्थेंत उभा असलेला सांगाडा एका प्राण्याचा नव्हे. सांपडलेलीं सुमारें तीनशें हाडें निदान सहा प्राण्यांचीं होतीं. त्यांतून जुळवून एक आकृति उभी केली आहे. कवटी तर सांपडलीच नाहीं. सहांचें मिळून एक झालेलें हें एकत्र कुटुंबच म्हणावयाचें. मात्र तें सहांचें आहे, ही गोष्ट तेथें लपविलेली नाहीं.

आतां आमच्या एकत्र कुटुंबाची गोष्ट. परत आल्यावर आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचें काम मजकडे आलें. वंशावळींत मधल्या दोन पिढ्यांचा पत्ता लागत नव्हता. घरांतील वडील माणूस म्हणजे आमचे दादा. नात्यानें चुलत, पण आम्हां सर्वांना वडिलांच्या ठिकाणीं. ते म्हणाले, “पेशवाईंत आपल्या आडनांवाचे एक शास्त्री होऊन गेले. त्यांचें गांवहि आपल्या शेजारचें. तेच घाल तूं तेथें.” दुसरी गोष्ट सांगतांना त्यांचा आवाज उतरला. त्यांचे सख्खे आजोबा कर्जापायीं एका रात्रीं घर सोडून गेले ते परत आले नाहींत. मागें बायको आणि दोन लहान मुलें. दादा म्हणाले, “तेवढें पान गाळ. पुस्तक सुनांच्या माहेरींसुद्धां जाणार. लोकांना हंसावयास कारण कशाला?”

शास्त्रीबुवांची गोष्ट सोपी होती. त्या जागीं ‘येथील दोन पिढ्यांचीं नांवें उपलब्ध नाहींत’ असें छापूं म्हणालों, आणि दादांनीं थोडें कुरकुरत तें मानलें. दुसरी सोपी नव्हती. ती जखम त्यांची होती, माझी नव्हे; आणि ऐंशी उलटलेल्या माणसाला सत्याचे पाठ देण्याचा मला अधिकार काय? म्हणून मीं त्यांना उपदेश केला नाहीं. स्यूच्या बरगड्यांची हकीकत सांगितली. शेवटीं एवढेंच म्हटलें, “दादा, मोडल्याची खूण खरडून टाकली तर सांधल्याची खूणहि तिच्याबरोबर जाते. आजोबांचें पान काढलें, तर चार घरचा स्वयंपाक करून ज्या आजींनीं दोन्ही मुलगे शिकविले, त्यांचें पान कशाच्या आधारावर उभें करूं? वाचणाऱ्याला वाटेल, या बाईनें कांहींच केलें नाहीं.”

दादा कांहीं बोलले नाहींत. उठून देवघरांत गेले. मीं तो विषय पुन्हा काढला नाहीं. छापखान्याला महिनाभर थांबावयास सांगितलें आणि तें प्रकरण तसेंच ठेविलें.

आठ दिवसांनीं त्यांनीं आपल्या पेटींतून एक जुनी वही आणून माझ्यापुढें ठेविली. त्यांच्या वडिलांनीं लहानपणीं, शाळकरी अक्षरांत, आईच्या सांगण्यावरून लिहिलेला हिशेब होता तो. अमक्यांच्या घरीं इतके दिवस, मिळाले इतके आणे, फी भरली, तेल आणलें. पानामागून पान तेंच. “यांतलें हवें तें घे,” दादा म्हणाले, “मात्र अक्षराची चूक असली तरी सुधारूं नकोस.”

त्या वहींतील दोन पानें कुलवृत्तांतांत जशींच्या तशीं छापलीं आहेत, आणि त्यांच्या आधीं, चार ओळींत, आजोबा घर सोडून गेल्याचेंहि लिहिलें आहे. आजींचें माहेरचें नांव मात्र वहींतहि सांपडलें नाहीं. तेथें आम्हीं जागा मोकळी सोडली आहे.