नवीन, न वापरलेली

मनुष्यास आयुष्यात काय काय मिळाले याची वही सरकारकडे असते. वेतन, बढती, रजा, निवृत्तिवेतन, सारे तीत नोंदलेले असते. काय मिळाले नाही याची वही मात्र ज्याची त्यालाच ठेवावी लागते. आमच्या या दुसऱ्या वहीच्या पहिल्याच पानावर एक तांबडी, वीतभर लांबीची, रेडिओच्या लहरींवर चालणारी मोटारगाडी आहे. इतक्या क्षुल्लक वस्तूविषयी सदुसष्टाव्या वर्षी लिहावे काय, असे वाचक विचारतील. परंतु या गाडीपायी आमच्या हातून एक खोटी सरकारी नोंद झाली आणि त्याहून मोठी अशी एक चूक घरात झाली. तेव्हा ही हकीकत सांगून टाकणे बरे.

सन १९७० ची दिवाळी. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात बाराव्या वर्षी आमच्या मालकीची वाहने दोन होती. एक सायकलचा फाटका टायर, काठीने हाकावयाचा. दुसरी रिळाची गाडी. दोऱ्याचे रिकामे रीळ, त्यात ओवलेला रबर, साबणाची चकती आणि काडेपेटीची काडी एवढ्या सामग्रीवर ती गाडी किल्ल्याच्या चढावर चढे आणि मावळ्यांना पाडून पुढे जाई. तिचा आम्हांस अभिमान होता. तो अभिमान त्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळपर्यंतच टिकला.

शेजारच्या गुजराती कुटुंबातील काका नैरोबीस असत. ते त्या वर्षी सणाला आले आणि त्यांनी पुतण्यासाठी ती तांबडी गाडी आणली. तिला ना चावी, ना तार. मुलाच्या हातात एक डबी, डबीतून बाहेर ओढावयाची चकचकीत दांडी आणि एकच बटण. गाडी आपली सरळ पुढे धावे. बटण दाबले की ती मागे येई आणि मागे येताना एका अंगास वळे. बटण सोडले की वळलेल्या तोंडाने पुन्हा सरळ पुढे. स्वस्त गाड्यांत पुढची चाके हवी तशी वळविणारी स्वतंत्र यंत्रणा नसे, म्हणून ही युक्ती. ज्या गाडीला वळण्यासाठी आधी मागे यावे लागते, ती तेव्हा आम्हांस जगातील सर्वांत हुशार गाडी वाटली.

दुरून वस्तू हलविण्याचा हा खेळ निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छोट्या बोटीवर करून दाखविला होता, हे आम्ही पुष्कळ पुढे वाचले. इटलीतील एका कंपनीने १९६६ साली रेडिओवर चालणारी छोटी फेरारी बाजारात आणली आणि जपानच्या तामिया कंपनीची पोर्शे १९७६ साली आली, हेही पुढचेच ज्ञान. त्या सकाळी आम्हांस एवढेच कळत होते, की मुलगा ओट्यावर उभा आहे, गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मधल्या हवेत काहीतरी आहे.

डबी हातात घेण्यासाठी मुलांची रांग लागली. आमच्यापुढे दोघे उरले असता अण्णा पूजेचे फुलपात्र घेऊन ओट्यावर आले. अण्णा संस्थानच्या काळात नोकरीस लागलेले कारकून. १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले, तरी त्यांच्या टेबलावरची शिस्त संस्थानी राहिली. घरातल्या रेडिओचा वार्षिक परवाना ते टपाल कचेरीत मुदतीच्या आठ दिवस आधी नवा करून आणीत आणि ते पुस्तक देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवीत. त्यांनी क्षणभर गाडी पाहिली आणि काकांना अत्यंत सौजन्याने विचारले, "शेठ, या यंत्राला परवाना घ्यावा लागतो का हो?"

काका हसले. सारा वाडा हसला. अण्णा हसले नाहीत. ते आम्हांस म्हणाले, "चला, फराळाला बसायचे आहे." रांग सुटली ती सुटलीच. भाऊबीज होताच काका गेले आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आत गाडीही बिघडून कपाटावर गेली.

पुढे खात्यात आल्यावर कायद्याची पुस्तके चाळताना आम्हांस दिसले, की अण्णांचा प्रश्न हास्यास्पद नव्हता. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगण्यास १९३३ च्या कायद्याने मनाई होती आणि खेळण्याला निराळी वागणूक नव्हती. ज्या २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर अशी खेळणी चालत, त्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना केंद्र सरकारने परवान्यातून सूट दिली ती २००५ साली. अण्णा बरोबर होते. आमच्या घराण्यात ही मोठी अडचण आहे. चुकीच्या वेळी आम्ही नेमके बरोबर असतो.

आता १९८९ साल. आम्ही विक्रीकर खात्यात दक्षिण गुजरातेतील एका नाक्यावर होतो. मालमोटारी थांबवावयाच्या, बिल आणि बिल्टी पाहावयाची, ताडपत्री सोडून माल जुळवावयाचा हे काम. परदेशी खेळणी त्या काळी राजरोस आयात होत नसत. तरी ती मुंबईच्या मनीष मार्केटात ढिगाने मिळत. ती कशी येतात हे सर्वांस ठाऊक होते आणि कोणी विचारीत नव्हते.

एका रात्री कापडाच्या गाठींमागे काही खोकी निघाली. बिल्टीत त्यांचा उल्लेख नाही, बिल नाही. खोके उघडले आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. आत तांबड्या गाड्या होत्या. तीच डबी, तीच दांडी, तेच एक बटण. मोजल्या तेव्हा अठ्ठेचाळीस भरल्या. माल खोलीत ठेवला, परदेशी वस्तू म्हणून कस्टम्सला कळविले आणि पंचनामा सकाळी करावयाचा ठरले.

तासाभराने मालकाचा माणूस आला. त्याने पैशाची गोष्ट काढली नाही. त्याने फक्त आमच्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हटले, "साहेब, बाबा माटे एक राखी लो ने." घरी मूल असेल हे त्याने आमच्या वयावरून ताडले असावे. मूल होते. चिरंजीव तेव्हा पाच वर्षांचे होते आणि सुरतेच्या एका दुकानात अशीच गाडी पाहून आल्यापासून झोपेतही तिचेच नाव घेत होते. आम्ही त्या माणसास बाहेर जाण्यास सांगितले. आवाज थोडा चढला असावा, कारण पहारेकरी आत डोकावला.

येथपर्यंतची हकीकत आम्ही अनेकदा, अनेकांस, अभिमानाने सांगितली आहे. पुढची कमी वेळा सांगितली आहे.

रात्री दीडच्या सुमारास रहदारी विरळ झाली. समोरच्या पानाच्या गल्ल्यावरून आम्ही नोविनोचे सहा पेन्सिल सेल आणविले. चार गाडीत, दोन डबीत. गाडी परदेशची, सेल आमच्या बडोद्याच्या मकरपुऱ्यातले. व्हरांड्यातला दिवा मालवला आणि एकोणीस वर्षे जी रांग सुटली होती तीत आमचा क्रमांक आला. गाडी सरळ गेली, भिंतीपाशी बटण दाबताच मागे आली, वळली, पुन्हा धावली. आमच्या हाताला बटणाचा अंदाज असा होता, की जणू ते रोज दाबीत आलो आहोत. पाव तास हा खेळ चालला. मग रुमालाने चाके पुसली, सेल काढले, गाडी खोक्यात परत ठेवली.

सकाळी पंचनाम्यात आम्ही आमच्या हाताने लिहिले : खेळण्यातील मोटारगाड्या, नग ४८, नवीन, न वापरलेल्या. सेवेच्या चौतीस वर्षांत आम्ही जाणूनबुजून केलेली खोटी नोंद ही एवढीच. सत्तेचाळीसच नवीन होत्या.

चूक याच्या पुढची आहे. घरी आल्यावर जेवताना आम्ही सौभाग्यवतींना सारा प्रसंग रंगवून सांगितला. मोहाचा क्षण, आमचा नकार, त्या माणसाचा उतरलेला चेहरा आणि शेवटी गंमत म्हणून व्हरांड्यातला खेळही. चिरंजीव वरणभात चिवडीत ऐकत होते. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही चालवली?"

"चालवली."

"मग मला का नाही आणली?"

आम्ही त्यास समजावून सांगितले. दुसऱ्याची वस्तू, सरकारी माल, चोरटी आयात, आजोबांचा परवाना, सारे सांगितले. भाषण चांगले झाले असावे, कारण ते संपल्यावर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. पुढे कधीच विचारला नाही. गाडीचे नाव त्याच्या तोंडून गेले आणि गाडीबरोबर इतरही सर्व वस्तूंचे. दिवाळीत मंगळ बाजारातून नेले, तर खेळण्यांच्या दुकानापुढे त्याची चाल मंदावत नसे. नातेवाईक म्हणत, "किती समजूतदार मूल! हट्ट म्हणून नाही." आम्हांस धन्यता वाटे. पाच वर्षांचे मूल हट्ट करीत नाही ही कौतुकाची गोष्ट नसून चौकशीची गोष्ट आहे, हे कळण्याइतके शहाणपण आमच्यापाशी नव्हते.

आज वाटते, नकाराबद्दल खंत नाही. तोच प्रसंग उद्या पुन्हा आला तरी तोच नकार देऊ. परंतु त्या नकाराची किंमत आम्ही भरली नाही, ती पाच वर्षांच्या मुलाने भरली. आम्ही तर पाव तास खेळूनही घेतले होते आणि वर नावलौकिकही मिळविला होता. त्याच्या वाट्यास केवळ भाषण आले. त्या रात्री भाषणाऐवजी रीळ, रबर आणि साबणाची चकती घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो असतो, तरी पुष्कळ झाले असते. ते आम्हांस सुचले नाही. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली आणि अशा गाड्या उघड बिलाने मिळू लागल्या, तेव्हा चिरंजीव सतरा वर्षांचे होते. तेव्हा गाडी आणून दिली असती तर ते विनयाने 'थँक यू बाबा' म्हणाले असते.

गेल्या महिन्यात आमच्या नातीचा सहावा वाढदिवस झाला. तिच्या वडिलांनी तिला रेडिओवर चालणारी गाडी आणली. आता या गाड्या दोन्ही अंगांस वळतात. पूर्वी एकाच लहरीवरच्या दोन गाड्या एकत्र आल्या, की एकाच्या डबीने दुसऱ्याची गाडी पळे. आताच्या डब्यांना आपापली गाडी ओळखता येते. नातीने वीस मिनिटे खेळ केला आणि मग ती रिकाम्या खोक्यात बाहुलीचे घर मांडण्यात रमली.

रात्री पाणी पिण्यास उठलो तो दिवाणखान्यात बारीक घरघर ऐकू आली. दिवा नव्हता. एक्केचाळीस वर्षांचे आमचे चिरंजीव, एका कंपनीत बारा माणसांचे वरिष्ठ, फरशीवर मांडी घालून बसले होते आणि गाडी झोपाळ्याखालून काढीत होते. आम्ही दारातच उभे राहिलो. मागे फिरावे असे वाटले, पण त्याने पाहिले.

"या ना बाबा. चालवता?"

"तू चालव," आम्ही म्हणालो आणि झोपाळ्यावर बसलो.

काही वेळाने आम्ही त्यास पंचनाम्यातील त्या ओळीची गोष्ट सांगितली. ही त्यास ठाऊक नव्हती. तो गाडी थांबवून विचार करू लागला. मग म्हणाला, "म्हणजे एक वापरलेली निघालीच होती. मग ती आणायला काय हरकत होती?"

आम्ही उत्तरादाखल काही सांगण्यास तोंड उघडले आणि मिटले. तो हसत होता. छत्तीस वर्षांनी त्याने आम्हांस पुन्हा एक प्रश्न विचारला होता. गाडीचे सेल मंदावले होते. तो दुसरे शोधण्यास उठला, तेव्हा "उद्या पाहू, आता झोप" हे शब्द आम्ही गिळले आणि भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून त्याच्या हातावर ठेवले.