मान वळवून

आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. त्याआधी उतारावर धावा होतो. इथून तुकाराम महाराजांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका; म्हणून दिंड्या अजून तो उतार धावत उतरतात. सात वर्षांचा असताना त्या गर्दीत आबांचं बोट माझ्या हातातून सुटलं. पाण्याच्या टाकीकडं बघत, रडत रडत मी घर गाठलं. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "उंच खूण धरलीस ते बरं केलंस. पण धा-वीस पावलांनी मान वळवून बघत जावं. येताना रस्ता उलटा दिसतो, पोरा."

पुढं साखर कारखान्यावर वेल्डिंग शिकलो आणि त्याच हातावर बोटीवर फिटर झालो. बंदराला लागलं की गँगवेवरच्या पाटीवर खडूनं वेळ लिहिलेली असते: शोअर लीव्ह अमुक वाजेपर्यंत. चार तास, फार तर पाच. बाकीचे टॅक्सी करतात, मी पायी निघतो. शोअर पास वरच्या खिशात, आणि आबांचं सांगणं डोक्यात. त्यात एक भर मला स्वतः घालावी लागली. माल उतरतो तशी बोट पाण्यावर उचलली जाते. जाताना गोदामाआड दडलेलं फनेल येताना छपरावर डोकावतं. खूणसुद्धा बदलते, हे जमिनीवरच्या माणसाला सांगून पटत नाही.

सगळ्यात आठवतं ते मॉरिशसचं पोर्ट लुई. सिमेंट उतरवायला गेलो होतो. शहराच्या पाठीशी डोंगर उभे, त्यातल्या एकाचा माथा थेट अंगठ्यासारखा. फ्रेंच नावाचा, 'ल पूस'चा, अर्थही अंगठाच. सुमारे आठशे मीटर उंच. मे 1836 मध्ये चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून उतरून तो चढून गेला होता. माझ्याकडं तेवढा वेळ नव्हता. मी अंगठा डोळ्यापुढं धरला आणि बाजारातून हिंडत राहिलो. भाजीच्या वासानं मंगळवेढ्याचा आठवडी बाजार आठवला.

परतताना बंदराजवळ आप्रवासी घाट लागला. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले सुमारे पाच लाख मजूर या बेटावर उतरले, बहुतेक हिंदुस्थानातले. 1849 पासून त्यांना या घाटावर उतरवू लागले. त्यांच्यात मुंबईहून आलेले आपले कोकणातले लोकही होते. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. मी त्या चार वेळा मोजल्या. आमच्याकडं बीडहून ऊसतोडीला कोयता येतो, टोळ्या कोप्या घालतात, हंगाम संपून पट्टा पडला की बैलगाड्या जुंपून गावी जातात. इथं उतरलेल्यांतले बहुतेक परतलेच नाहीत. पायरी चढताना त्यांनीही मान वळवून बघितलं असेल. मागं फक्त पाणी. पाण्यावर खूण कुठली धरणार?

मी असा थांबून थांबून मागं बघतोय हे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या लक्षात आलं. कुठला, विचारलं. सांगितल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाले, "मराठी." एवढाच शब्द, मग तिथली क्रिओल बोली. मला काही कळेना. पण भर उन्हात ते बंदराच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आले.

आता बंदरात उतरून असं पायी हिंडणं कमी होत चाललंय. 2004 पासून बंदरांची सुरक्षा कडक झाली, आणि कंटेनरची बोट तर काही तासांत रिकामी होते. 2020 साली साथीमुळे अकरा महिने माझा पाय जमिनीला लागला नाही. शहर दिसायचं, दिवे दिसायचे, गँगवे वर ओढलेला.

मुंबईत यलो गेटबाहेर किंवा उरणच्या रस्त्यावर मधूनच थांबून मागं बघणारा परका माणूस दिसला, तर त्यानं रस्ता विचारायची वाट बघू नका. त्याच्या हातात चारच तास असतात. थोडं त्याच्याबरोबर चाला.