तिसरी फळी

खेळाविषयीं जें लिखाण आपल्या वाचनांत येतें, तें बहुधा एक तर खेळणाऱ्याचें असतें किंवा पाहणाऱ्याचें. या दोघांच्या मधें एक तिसरा प्राणी असतो. त्याच्या हातांत काठी नसते, आणि स्वस्थ बसून खेळ पाहण्याचें भाग्यहि त्याच्या कपाळीं नसतें. कोणाचा पोशाख वाळला नाहीं, कोणाच्या मोटारींत किती जागा शिल्लक आहेत, पंचांना कॉफी कोण देणार आणि गोल राखणारा गडी घरून निघाला कीं नाहीं, या विवंचनेंत त्याचा सामना सुरू होण्यापूर्वींच निम्मा संपलेला असतो. या प्राण्यास संघाचा व्यवस्थापक म्हणतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरीं एका हौशी संघाचें हें बिनपगारी पद गेलीं सात वर्षें मजकडे आहे. मी नोकरीनिमित्त पुण्याहून तेथें गेलों, शेजाऱ्याच्या आग्रहानें एकदां हिशेबाची वही हातीं घेतली, आणि ती आजवर कोणीं परत मागितली नाहीं.

हा खेळ फ्लोअरबॉलचा. स्वीडिश लोक त्यास ‘इन्नेबंडी’ म्हणतात. बर्फावर काठ्यांनीं चेंडू मारण्याचा बंडी नांवाचा जुना खेळ त्या देशांत आहे. तोच घरांत आणला, म्हणून ही ‘आंतली बंडी’. आमच्या घरीं ही व्युत्पत्ति मीं प्रथम सांगितली तेव्हां वडील मंडळींना हंसूं आवरेना. कारण आपल्याकडे आंतली बंडी ही खेळण्याची नसून घालण्याची वस्तु आहे!

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद अशी छपराखालची गुळगुळीत जमीन, तिच्याभोंवतीं अर्धा मीटर उंचीचा कठडा, आणि दोन्ही बाजूंस पांच पांच गडी व एकेक गोलरक्षक. काठी अगदीं हलकी. चेंडू प्लॅस्टिकचा, ७२ मिलिमीटर व्यासाचा, सव्वीस भोंकांचा आणि वजनानें अवघा २३ ग्रॅम. गोलरक्षकाला काठी नाहीं. तो गुडघ्यांवर बसून हातांनीं, पायांनीं, छातीनें, जसें जमेल तसें चेंडूला अडवितो. वीस वीस मिनिटांचे तीन भाग. प्लॅस्टिकच्या काठ्या १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत निघाल्या. त्या पुढें स्वीडनमध्यें पोंचल्या आणि तेथील लोकांनीं त्यांतून नियमबद्ध खेळ उभा केला. १९८१ सालीं स्वीडनची संघटना निघाली. १९८६ सालीं स्वीडन, फिनलंड व स्वित्झर्लंड या तीन देशांनीं हुस्कवार्ना गांवीं आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली, आणि १९९६ सालीं स्टॉकहोम येथें पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हां अंतिम सामन्यास पंधरा हजारांवर प्रेक्षक होते. आमच्या सामन्यांस पंधरा प्रेक्षक आले तर आम्ही कॉफी कमी पडेल म्हणून घाबरतों.

परंतु या खेळाचें मर्म चेंडूंत नाहीं कीं काठींत नाहीं. तें गडी बदलण्यांत आहे. खेळ चालू असतांच, पंचास न विचारतां, वाटेल तितक्या वेळां गडी बदलतां येतात. धांवपळ इतकी कीं, सारा जीव ओतून मिनिटभर खेळलें तर पुढचें मिनिट माणूस निरुपयोगी होतो. म्हणून पांच पांच जणांच्या तीन फळ्या करावयाच्या. पहिली फळी दमण्यापूर्वींच धांवत बांकाकडे येते, दुसरी कठड्यावरून उडी टाकून आंत शिरते, मग तिसरी, मग पुन्हां पहिली. आपल्या खो-खोची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. तेथेंहि पाठलाग करणारा ‘खो’ देतो आणि उठलेल्याच्या जागीं मुकाट्यानें बसतो. अंगांत दम आहे, पुढचा गडी हाताच्या अंतरावर दिसतो आहे, तरी आपली जागा दुसऱ्याला द्यावयाची! चांगल्या चांगल्या खेळाडूंना हें साधत नाहीं. आमच्या संघांत काठीचें कसब असलेले चारपांच जण होते. वेळेवर बाहेर येण्याचें कसब मात्र दोघांपाशींच होतें.

आमचा क्लब म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर व फावल्या वेळावर चालणारी संस्था. तेथें असे क्लब गांवोगांव आहेत. नगरपालिकेच्या सभागृहांत जागा मिळते, पण सोयीची वेळ मुलांना आधीं. प्रौढांच्या खालच्या श्रेणीच्या संघांना रात्रीं नऊनंतरची. वाचकांनीं तेथील हिवाळा मनांत आणावा. डिसेंबरांत दुपारीं साडेतीनच्या आंतच सूर्य मावळतो. दिवसभर काम करून, मुलांना जेवूं घालून, अंधारांत पावसांतून सायकल हांकीत रात्रीं नऊला माणसें काठ्या पाठीस लावून येतात. यांत कोणालाहि पैसा मिळत नाहीं, उलट द्यावाच लागतो. आमचा गोलरक्षक तर बेकरींत कामाला. त्याची भट्टी पहाटे तीनला पेटते. मंगळवारची तालीम आटोपून तो घरीं न जातां परस्पर कामावर जातो, असें मला पुष्कळ दिवसांनीं कळलें.

तिसऱ्या फळींत होते एक सुतार, एक बसचालक, एक शाळामास्तर, सीरियाहून आलेला एक विद्यार्थी आणि एक गृहस्थ, ज्यांचा मुलगा याच क्लबाच्या बाल विभागांत त्यांच्याहून बरा खेळतो. हे पांचहि जण तालमीस न चुकतां येत. कठडा मांडणें, तो पुन्हां घडी करून ठेवणें, घरच्या सामन्याला घड्याळ सांभाळणें, हीं सारीं कामें आपोआप त्यांच्याकडे गेलीं होतीं. जशीं मोठ्या कुटुंबांत कांहीं कामें कांहीं माणसांकडे जातात आणि मग तीं त्यांचींच आहेत असें सर्वांना वाटूं लागतें.

२०२४ च्या ऑक्टोबरांत हंगाम सुरू झाला. दहा संघ, प्रत्येकाशीं दोनदां गांठ, म्हणजे अठरा सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. शेवटचे दोन संघ खालच्या श्रेणींत जावयाचे. नाताळापर्यंत नऊ सामने झाले. त्यांत आम्हीं दोन जिंकले, एक बरोबरींत सोडविला, सहा हरलों. सात गुण, स्थान नववें.

जानेवारींत प्रशिक्षकानें फळ्या दोनच केल्या. त्याला मी दोष देत नाहीं. तो तिशीच्या आंतला, अभ्यासू, संघासाठीं रात्ररात्र जागून आकृत्या काढणारा तरुण. जिंकण्यासाठीं खेळणें हें पाप नव्हे. निकालहि त्याच्या बाजूनें लागले. तीन सामन्यांत दोन विजय! तेरा गुण झाले, आणि कपडे बदलण्याच्या खोलींत कधीं नव्हे तें गाणें ऐकूं आलें. तिसऱ्या फळीचे लोकहि त्यांत गात होते.

त्या हिवाळ्यांत माझी आई आमच्याकडे आली होती. वय पंचाहत्तरीचें, मुलींच्या शाळेंत असतांना सांगलीला खो-खो खेळलेली. सामन्याच्या दिवशीं ती अंगाभोंवतीं शाल लपेटून कॉफीच्या टेबलापाशीं बसे. भाषा येत नाहीं, नियम ठाऊक नाहींत. परंतु लग्नाच्या पंक्तींत कोणाच्या पानावर काय वाढलें नाहीं हें ज्या नजरेला दिसतें, ती नजर सभागृहांतहि तशीच चालते. दुसऱ्या विजयानंतर आम्ही आनंदांत घरीं निघालों. मोटारींत ती म्हणाली, “अरे, तीं डावीकडचीं मुलें आज एकदांहि उठलीं नाहींत.”

मीं सांगितलें, “आई, संघ जिंकला ना?”

“जिंकला कीं. छानच झालें. पण खो-खोंत आमच्या बाई म्हणायच्या, बसलेलीला खो मिळणार नाहीं असें एकदां समजलें, कीं ती उठायच्या तयारींत बसत नाहीं. नुसती बसते.”

सौ.नें माझ्याकडे पाहिलें. मी गाडी चालवीत राहिलों.

व्यवस्थापकाजवळ एक वही असते, तींत गुण नसतात. कोण आलें, कोण आलें नाहीं एवढेंच असतें. जानेवारीच्या आरंभीं तालमीस सोळा नांवें होतीं. मग चौदा. मग अकरा. कारणें सगळीं खरीं होतीं. सुताराला दूरचें काम आलें, बसचालकाची पाळी बदलली, विद्यार्थ्याची परीक्षा होती. कोणी रागावलें नाहीं, कोणीं तक्रार केली नाहीं. राग असता तर बरें झालें असतें. रागाशीं बोलतां येतें. फेब्रुवारीच्या आरंभीं साठ किलोमीटरवरच्या एका गांवीं सामना होता. बर्फ पडत होतें. पहिल्या फळींतील एकाच्या मुलाला ताप, दुसऱ्या फळींतल्या दोघांना सर्दी. गोलरक्षकासह मोजून नऊ माणसें निघालीं. वीस जणांस परवानगी असलेल्या बांकावर आमचे तीन गडी आणि माझ्या पाण्याच्या बाटल्या. पहिला भाग आम्ही झुंजलों. दुसऱ्यांत पाय गेले. तिसऱ्यांत नियमांत राहून उभें राहणें एवढेंच उरलें होतें. ११-२ असे हरलों. परततांना दोन फळ्यांचा सिद्धान्त तीन मोटारींत विभागून झोंपीं गेला होता.

पुढच्या मंगळवारीं तालमीऐवजीं मीं सर्वांना कॉफीला बोलाविलें. ज्यांनीं येणें सोडलें होतें त्यांना स्वतः दूरध्वनि केला. प्रशिक्षकानें आपली बाजू सरळ मांडली. तिसरी फळी आंत असतांना आपण सरासरी अधिक गोल खातों, हें त्याच्या आंकड्यांनीं सिद्ध होतें. खालच्या श्रेणींत गेलों तर चांगले गडी सोडून जातील, हेंहि त्यानें सांगितलें. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग मीं माझी वही वाचून दाखविली, केवळ तारखा आणि आंकडे. थोडा वेळ कोणी बोलेना. बसचालक म्हणाला, “मला ठाऊक आहे मी हळू आहें. पण मीं पाळी बदलून घेतली ती सामने सोडायला म्हणून. आधीं उलट करीत असें.” त्या देशांत माणसें मोजकें बोलतात, तेथें हें एक भाषणच झालें.

हात वर करून मत घेतलें. तीन फळ्या, सर्व सामन्यांत. फक्त शेवटचीं पांच मिनिटें प्रशिक्षकाची, तीं त्यानें वाटेल तशीं वापरावींत. अकरा विरुद्ध चार. विरुद्ध मतांत आमचा सर्वांत उत्तम खेळाडू होता. मत देतांना तो लाजला नाहीं, आणि नंतर कठडा मांडायला सर्वांत आधीं उठला, हें नमूद केलें पाहिजे.

उरलेल्या पांच सामन्यांचें वर्णन लांबवीत नाहीं. पहिल्या चारांत एक विजय, एक बरोबरी, दोन हार. सतरा गुण झाले. शेवटचा सामना घरचा. जिंकलों तरच श्रेणी टिकणार. त्या दिवशीं बांकावर सतरा जण होते. दुसऱ्या भागांत तिसऱ्या फळीनें एक गोल खाल्ला आणि एक केला. तो बसचालकाचा हंगामांतील पहिला. चेंडू गोलांत गेला हें त्याला सर्वांत शेवटीं कळलें. पांच मिनिटें उरलीं तेव्हां ५-५. आतां घड्याळ प्रशिक्षकाचें होतें. त्यानें पहिली फळी घातली, मग दुसरी, पुन्हां पहिली. दोन मिनिटें उरलीं असतां पहिली फळी परतली ती अक्षरशः कठड्यावर ओणवी पडली. त्यानें बांकाकडे पाहिलें आणि तिसऱ्या फळीला आंत पाठविलें. पन्नास सेकंद त्यांनीं प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यांत चेंडू दाबून धरला. गोल मात्र झाला नाहीं. शेवटच्या मिनिटांत गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा गडी आंत घातला, एक फटका खांबाला लागला, आणि भोंगा वाजला. अठरा सामने, अठरा गुण, स्थान नववें. आम्ही खालच्या श्रेणींत गेलों.

प्रशिक्षकानें म्हटलें होतें तें तंतोतंत झालें. आमचा उत्तम खेळाडू एप्रिलांत वरच्या श्रेणींतील संघांत गेला, आणि प्रशिक्षकालाहि दुसरीकडे बोलावणें आलें. दोघांचें मला वाईट वाटलें, आणि अजून वाटतें. दोन फळ्यांनीं खेळलों असतों तर श्रेणी टिकली असती, असें म्हणणारे संघांत आजहि दोघे आहेत. त्यांना मी उत्तर देत नाहीं, कारण तें खोटें आहे असें मला सिद्ध करतां येत नाहीं. मला इतकेंच ठाऊक आहे कीं, त्या नऊ माणसांच्या मोटारी तशाच धांवत राहिल्या असत्या तर मार्चांत त्यांत सातच बसलीं असतीं.

आई चैत्रांत पुण्यास परत गेली. दूरध्वनीवर ती अजून विचारते, पण श्रेणीचें नव्हे. त्या पांव भाजणाऱ्या मुलाला आतां तरी तालमीनंतर झोंप मिळते का, असें. नव्या हंगामाचा अर्ज भरावयाचा होता त्या दिवशीं माझ्या वहींत अठरा नांवें आलीं, त्यांत तीन अगदीं नवीं. नगरपालिकेनें वेळ दिली ती बुधवारीं रात्रीं सव्वानऊची. बेकरीवाल्याच्या भट्टीला बुधवार सोयीचा आहे कीं नाहीं, हें मीं त्याला अर्ज पाठविण्यापूर्वींच विचारून घेतलें.