समुद्रावरून आलेली चव

ओसाकाला पहिल्यांदा संध्याकाळीच भेटावं, तेही भुकेल्या पोटी. दोतोनबोरीच्या कालव्यावर दिवे लागतात आणि लाल-निळा उजेड पाण्यात विरघळू लागतो. एबिसू पुलापाशी दोन्ही हात उंचावलेला, ग्लिको कंपनीच्या जाहिरातीतला धावपटू. त्याची पहिली पाटी १९३५ मध्ये उभी राहिली. पलीकडे उपाहारगृहाच्या दर्शनी भिंतीवर नांग्या हलवणारा अजस्र खेकडा. खाली आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यात ताकोयाकीचं पातळ पीठ ओततात, ऑक्टोपसचा तुकडा टाकतात आणि टोच्याने ते गोळे इतक्या भराभर फिरवतात की नुसतं पाहूनच भूक खवळते.

पण या शहराची ओळख मला पटली ती उदोनच्या वाडग्यात. जाड पांढऱ्या शेवया, आणि त्यांच्याभोवती फिकट सोनेरी, नितळ सार. तोक्योकडच्या गडद साराच्या तुलनेत अगदीच साधं दिसतं. घोट घेतला की मात्र चव जिभेवर सावकाश उमलत राहते. ही चव कोम्बूची. रुंद, लांब पट्ट्यांचं हे समुद्रशैवाल वाढतं दूर उत्तरेला, होक्काइदोच्या थंड पाण्यात. एदो काळात ‘कितामाएबुने’ म्हणजे व्यापारी गलबतं ते भरून पश्चिम किनाऱ्याने खाली येत आणि सेतोच्या समुद्रातून ओसाकाला लागत. इथलं पाणी मऊ, त्यात कोम्बूचा अर्क छान उतरतो. शेजारचं साकाई तर सुऱ्यांचंच गाव. तिथे कोम्बू तासून त्याचे तलम, पारदर्शक पापुद्रे काढण्याची कला रुजली.

तांदूळही असाच जलमार्गाने येई. सरदारांच्या कोठारांतल्या तांदळाचे सौदे दोजिमाला होत, आणि १७३० मध्ये शोगुनशाहीने त्या बाजाराला रीतसर मान्यता दिली. देशाचं स्वयंपाकघर म्हणत ओसाकाला. व्यापाऱ्यांनी वाढवलेलं शहर हे; चवीची पारख त्यांनी हिशेबाइतकीच मनावर घेतली, आणि याचसाठी मला ते जवळचं वाटतं.

किल्ला सकाळी पाहावा. मुख्य बुरूज १९३१ चा, काँक्रीटचा आहे. तटाच्या प्रचंड शिळा मात्र चारशे वर्षांच्या, आणि त्यांच्यासमोर थांबावंसं वाटतंच.

रात्र होझेन्जी मंदिराच्या बोळासाठी राखावी. दगडी फरसबंदी, कंदील, आणि भाविकांनी पाणी घालून घालून शेवाळाने हिरवीगार झालेली फुदो देवतेची मूर्ती. आपणही पळीभर पाणी घालावं. मग तिथल्याच एखाद्या चिमुकल्या दुकानात काउंटरपाशी बसून, आज ताजं काय आहे ते विचारावं.